फाईलला हाक मारली तर ती ओ देईल का?

मागच्या अंकात एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो होतो की विंडोजमध्ये आता माऊसला हात न लावता नुसतं बोलून फोल्डर उघडता येतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. खानापूर, निपाणी, वडगाव, चिकोडी, सगळीकडून विचारणा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नाव कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न (रिटायर्ड शिक्षिका, खानापूर तालुका): सर, माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, माऊस धरला की कळ येते. नातवानं विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आणून दिलाय. मी त्याच्यापुढं बसून 'माझे फोटो उघड', 'पेन्शनची फाईल दाखव' असं चारदा म्हणून बघितलं, ढिम्म. नातू म्हणतो आज्जी त्याला मराठी येत नाही. खरं काय ते सांगा. आणि आमच्याकडं पावसाळ्यात इंटरनेट दोन दोन दिवस नसतंय, मग हे चालणार कसं?

उत्तर: बाई, नातू बरोबर बोलतोय, पण त्यामुळं अडून राहायचं कारण नाही. माझ्या वडिलांचा उजवा हात चालत नाही, त्यांच्यासाठी म्हणूनच मी हे सगळं शिकलो, आणि त्यांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं आहे तरी ते आज स्वतःच्या फायली स्वतः उघडतात. तेव्हा तुम्हाला तर नक्की जमेल.

तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हॉइस ॲक्सेस म्हणून एक सोय आधीच आहे, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. सेटिंग्जमध्ये जायचं, तिथं ॲक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, आणि तिथं व्हॉइस ॲक्सेसचं बटण चालू करायचं. पहिल्यांदा चालू करताना ते भाषेच्या फायली डाऊनलोड करून घेतं, तेवढ्यापुरतं इंटरनेट लागतं, ते नातवाकडून शहरात असतानाच करून घ्या. नंतर तुमचं बोलणं त्या लॅपटॉपमध्येच ओळखलं जातं, म्हणजे पावसात नेट गेलं तरी हुकूम चालतात आणि तुमचा आवाज कुठं बाहेर पाठवलाही जात नाही. भाषेत अमेरिकन इंग्लिशच्या जोडीला भारतातलं इंग्लिश पण आहे, तेच निवडा, आपल्या उच्चाराला ते जास्त सोसतं.

चालू झालं की स्क्रीनच्या वर एक पट्टी येते, त्यावर तुमचं बोलणं त्याला काय ऐकू आलं ते लिहून दिसतं. ही पट्टी बघत बघतच शिकायचं, कारण चूक तुमची झाली की त्याची हे तिथंच कळतं. आता म्हणा, 'ओपन फाईल एक्सप्लोअरर'. खिडकी उघडली की डाव्या बाजूला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे नावं असतात, 'क्लिक डॉक्युमेंट्स' म्हटलं की ते उघडतं. इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढं येते, कारण आत तुमच्या फोल्डरची नावं असणार 'आईचे कागद', 'गणपती २०१९', ती त्याला इंग्रजीच्या कानानं कळणार कशी? तिथं म्हणायचं 'शो नंबर्स'. स्क्रीनवर जिथं जिथं क्लिक करता येतं त्या प्रत्येक गोष्टीवर एक आकडा येऊन बसतो. गणपतीच्या फोल्डरवर समजा १४ आलाय, तर 'क्लिक फोर्टीन' म्हणायचं, मग 'प्रेस एंटर', फोल्डर उघडला. नाव मराठीत असो कानडीत असो, आकड्याला भाषेची अडचण नाही. वडील तर पहिला महिनाभर फक्त हेच वापरत होते.

'क्लिक' आणि 'प्रेस एंटर' असं दोनदा बोलायचा कंटाळा आला तर नातवाला सांगा, फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकनं उघडायची सेटिंग असते ती करून दे. मग एका हुकमात काम होतं.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. शेजारच्या मावशी येऊन बोलायला लागल्या की 'व्हॉइस ॲक्सेस स्लीप' म्हणा. नाहीतर तुमच्या दोघींच्या गप्पांतून ते हुकूम शोधत बसतं. परत काम करायचं की 'व्हॉइस ॲक्सेस वेक अप'. एखादी फाईल चुकून डिलीट झालीच तर घाबरू नका, लॅपटॉपमधली फाईल डिलीट केली की सहसा आधी रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून परत आणता येते.

प्रश्न (क्लार्क, निपाणी भाग): मी एका छोट्या ऑफिसात काम करतो, जमिनीचे उतारे, म्युटेशनचे कागद, अर्ज, सगळं स्कॅन करून ठेवतो. आमच्याकडं काही कागद कानडीत, काही मराठीत, काही इंग्रजीत, आणि फायलींची नावं ज्यानं स्कॅन केलं त्याच्या मर्जीनं. व्हॉइस ॲक्सेस चालू करून 'ओपन उतारा' म्हटलं तर भलतंच काहीतरी ऐकतंय. नंबरनं करायला गेलो तर एका फोल्डरात तीनशे फायली आहेत, किती स्क्रोल करू? यावर उपाय सांगा.

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण खरा प्रश्न तुम्हीच विचारलाय. हाक मारल्यावर ओ यायची असेल तर आधी नाव पाहिजे, आणि ते नाव ऐकणाऱ्याच्या कानाला कळणारं पाहिजे. आपल्या सीमाभागात प्रत्येक कागदाला तीन तीन नावं आहेत. ज्याला तुम्ही उतारा म्हणता त्याला तलाठ्याकडं पहाणी म्हणतात आणि ऑनलाईन काढायला गेलं की तोच आरटीसी होतो. गावाचं पण तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणजे त्याच्या आधीचे इंग्रजी कागद बेलगाम नावानं आणि नंतरचे बेलगावी नावानं, एकाच शेताचे. माणसाला कळतं हे एकच आहे, मशीनला कोण सांगणार?

तर माझं म्हणणं असं आहे की आवाजाच्या मागं लागायच्या आधी दोन दिवस नावांवर घाला. आपण रोज मराठी म्हणून जे बोलतो त्यातले निम्मे शब्द त्या व्हॉइस ॲक्सेसला आधीच येतात. रेशन कार्ड, बँक, सोसायटी, पेन्शन, लाईट बिल, लोन, इन्शुरन्स, स्कूल, सर्व्हे नंबर. हे शब्द आपल्या तोंडात बसलेले आहेत आणि त्याच्या कानातही. तुम्ही फोल्डरांना ही नावं इंग्रजी अक्षरांत दिलीत तर 'क्लिक पेन्शन' म्हटल्यावर ते बरोबर पकडतं. उताऱ्यांच्या फोल्डरला आरटीसी नाव देऊ नका, सुटी अक्षरं ऐकताना बी, डी, टी, सी यात त्याचा गोंधळ होतो, त्यापेक्षा 'लँड पेपर्स' द्या. जास्त लांब नको, दोन शब्द पुरे. आणि दोन फोल्डरांची नावं एकसारखी वाजणारी नकोत.

सर्व्हे नंबर लिहिताना एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल, ४५/२ अशी तिरपी रेघ विंडोज फाईलच्या नावात घेतच नाही. मग कुणी ४५-२ करतो, कुणी ४५_२, कुणी रेघ गाळून ४५२ करतो आणि तो तर वेगळाच सर्व्हे नंबर झाला की! ही चूक जमिनीच्या कागदात फार महागात पडू शकते म्हणून सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवा, माझ्या मते आडवी रेघ बरी. तारीखसुद्धा आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी लिहा, २०२४-०६-१५, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात आणि तीनशे फायलींमध्ये हवी ती जागच्या जागी सापडते.

आता ज्या फोल्डरांत रोज दहादा जावं लागतं त्यांच्यासाठी व्हॉइस शॉर्टकट करून ठेवा. २०२४ च्या सुरवातीच्या अपडेटपासून ही सोय आलीय. व्हॉइस ॲक्सेसच्या पट्टीवर सेटिंग्जचं चाक आहे त्यात व्हॉइस शॉर्टकट्स असतात, तिथं नवीन करायचं, कुठला शब्द बोलणार ते लिहायचं, आणि तो बोलल्यावर काय व्हावं ते निवडायचं, फोल्डर उघड, फाईल उघड, वेबसाईट उघड वगैरे. मग तो फोल्डर चार पायऱ्या आत असला तरी एका शब्दात समोर येतो आणि फोल्डरचं मूळ नाव बदलायचीही गरज नाही, ते कानडीत असलं तर कानडीतच राहू दे. शब्द मात्र इंग्रजी आणि रोजच्या बोलण्यात न येणारा घ्या. मी वडिलांसाठी 'ओपन मँगो' केलंय, त्यात सगळे दवाखान्याचे रिपोर्ट आहेत. मँगो का, तर आंब्याच्या झाडाखालच्या दवाखान्यात ते जातात म्हणून, त्यांच्या लक्षात राहतं. तुम्हीही तुमच्या डोक्यात बसेल तेच घ्या.

जुन्या फायलींसाठी फाईल एक्सप्लोअररच्या सर्च बॉक्समध्ये फक्त बी ई एल ही तीन अक्षरं टाका, बेलगाम आणि बेलगावी दोन्ही स्पेलिंगची नावं येतील, कारण सुरवात एकच आहे. आणि स्कॅन केलेला कागद हा कॉम्प्युटरच्या दृष्टीनं फोटो असतो. आत काय लिहिलंय ते साधा सर्च वाचेल असं धरून चालू नका, कानडी हस्ताक्षरातलं तर नाहीच. म्हणजे शोधायला हातात उरतं ते नाव. स्कॅनर देतो तसं 'स्कॅन ०००१' ठेवून दिलं तर कितीही मोठ्यानं ओरडा, ती फाईल ओ देणार नाही.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, चिकोडी): मराठीत बोलून फाईल शोधायचीच नाही का मग? मला इंग्रजी येतं पण माझ्या प्रोजेक्टच्या सगळ्या फायली मराठी नावानं आहेत, आणि त्या तशाच ठेवायच्यात मला.

उत्तर: तशाच ठेव, अजिबात बदलू नको. हुकूम मराठीत चालत नाहीत हे खरं, पण मराठीत बोलून टाईप मात्र करता येतं, आणि शोधायला तेवढं पुरतं. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी ॲड कर, कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि स्पेस बार एकत्र दाबून कीबोर्ड मराठी कर, सर्च बॉक्समध्ये क्लिक करून विंडोज आणि एच दाब. माईक येतो, 'लोकगीतं' म्हण, देवनागरीत उमटतं आणि त्या नावाच्या फायली खाली येतात. याला इंटरनेट लागतं, इथं आवाज ऑनलाईन जाऊन ओळखला जातो, व्हॉइस ॲक्सेससारखं नाही.

एक लक्षात ठेव, मशीन शुद्धलेखनात सूट देत नाही. फाईलचं नाव 'बेळगांव' असं अनुस्वार देऊन जुन्या पद्धतीनं लिहिलेलं असेल आणि तू बोललास की माईक 'बेळगाव' लिहितो, तर ती फाईल येणार नाही. ऱ्हस्व दीर्घाचंही तेच. अशा वेळी शब्दाची मागची अक्षरं खोडून टाक, 'बेळ' एवढंच ठेव, दोन्ही येतात.

प्रश्न (यंत्रमागवाले, वडगाव): घरातच चार माग आहेत, साड्यांच्या डिझाईनच्या फायली आणि हिशोब कॉम्प्युटरवर असतात. हाताला सूत आणि तेल लागलेलं असतं म्हणून बोलून उघडावं म्हटलं, पण मागाचा आवाज एवढा की आपलंच आपल्याला ऐकू येत नाही.

उत्तर: काका, तुम्हाला खोटी आशा लावत नाही. माग चालू असताना त्याच खोलीत लॅपटॉपच्या आतल्या माईकवर हे जमणार नाही. तोंडाजवळ दांडी येणारा हेडसेट घेतला आणि कॉम्प्युटर भिंतीपलीकडं नेला तर बऱ्यापैकी चालेल, नाहीतर सोडून द्या. त्यापेक्षा ज्या दोन तीन फोल्डरांत रोज काम आहे त्यावर राईट क्लिक करून क्विक ॲक्सेसला पिन करा, विंडोज आणि ई दाबलं की समोरच असतात, एका बोटाचं काम. डिझाईनच्या फायलींना मात्र रंग आणि काठाच्या नावानं नाव द्या, नुसते नंबर नकोत, हे मी माग नसलेल्यांनाही सांगतो.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): माझं विंडोज १० आहे, त्यात व्हॉइस ॲक्सेस सापडत नाही.

उत्तर: नाहीच त्यात. विंडोज १० मध्ये जुनं स्पीच रेकग्निशन आहे, ते व्हिस्टा या जुन्या विंडोजपासूनचं. विंडोज, कंट्रोल आणि एस एकत्र दाबून चालू होतं. 'स्टार्ट लिसनिंग' म्हटलं की ऐकतं, 'शो नंबर्स' इथंही आहे, आकडा सांगून पुढं 'ओके' म्हणायचं, 'नाईनटीन ओके' असं. पण ऐकण्यात ते बरंच मागं आहे, आधी तुमच्या आवाजाची ओळख करून द्यावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन झेपत असेल तर विंडोज ११ वर जावा.

प्रश्न (हुक्केरी तालुका): माझ्या चुलत भावाला दिसत नाही. तो बी.ए. करायलाय, नोट्स कॉम्प्युटरवर आहेत. हे 'शो नंबर्स' त्याला उपयोगी आहे का?

उत्तर: ताई, नाही. आकडे डोळ्यांसाठी आहेत, ते स्क्रीनवर नुसते दिसतात. त्याला हुकूम ऐकणाऱ्या कॉम्प्युटरपेक्षा बोलणारा कॉम्प्युटर पाहिजे, म्हणजे स्क्रीन रीडर. एनव्हीडीए नावाचा आहे, पूर्ण फुकट, २००६ साली ऑस्ट्रेलियात दोन अंध मित्रांनीच तो करायला घेतला. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजाला मराठीही येतं आणि कानडीही, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण आठवड्यात कान सरावतो.

फोल्डर उघडला की बाणाच्या बटणांनी एकेक नाव तो वाचून दाखवतो, आणि नावाची पहिली दोन तीन अक्षरं भराभर दाबली की थेट त्या फाईलवर नेऊन ठेवतो. म्हणून त्याच्या नोट्सची नावं अशी ठेवा की सुरवातीलाच फरक कळेल. 'बी ए पहिलं वर्ष इतिहास', 'बी ए पहिलं वर्ष मराठी' अशी ठेवलीत तर प्रत्येक वेळी ती लांबण ऐकून मग शेवटी विषय कळतो. 'इतिहास बी ए १', 'मराठी बी ए १' अशी ठेवा. डोळे असणाऱ्याला यात काहीच फरक वाटत नाही, पण त्याचा दिवसाचा केवढा वेळ वाचेल याचा विचार करा. आणि ही नावं त्याच्या सल्ल्यानंच ठरवा, घरच्यांनी परस्पर नको.

तो बोलून लिहू मात्र शकतो, मराठी माईकबद्दल वर चिकोडीच्या मुलाला सांगितलंय ते त्यालाही लागू.

प्रश्न (बरेच जण): मोबाईलवर काय करायचं?

उत्तर: मोबाईलवर मराठी सोपं आहे. गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आणि कानडी दोन्ही बोलून टाईप करायची सोय २०१७ पासून आहे. फाईल्स ॲप उघडा, सर्चच्या भिंगावर दाबा, कीबोर्डवरचा माईक दाबून नाव बोला. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची नावं तारीख आणि नंबरच असतात, तिथं बोलून काय शोधणार? महत्त्वाचा कागद आला की त्याच मिनिटाला नाव बदलून ठेवा.

प्रश्न (डीटीपी करणारे, बेळगाव): वीस वर्षांचं मराठी काम पडून आहे, लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका. माईकवर मराठी बोलून शोधलं तर एकही फाईल सापडत नाही, उघडून बघितलं की मजकूर तर दिसतोय!

उत्तर: तुमचा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एकाच अक्षर पद्धतीच्या, आधीच्या फाँटमधला आहे. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत कुठलंतरी इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असतं, फाँट त्याला फक्त मराठी कपडे घालतो. माईक लिहितो ते युनिकोड, त्यामुळं दोघांची गाठच पडत नाही. जुनं कानडी काम केलेल्यांनाही हाच त्रास आहे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटचा वेगळा लागतो आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांखालून घालावी लागतात. वीस वर्षांचं सगळं बदलत बसू नका, आयुष्य जाईल. अहवाल आणि स्मरणिका तेवढ्या बदला, त्यात गावांचा इतिहास आहे, माणसांची नावं आहेत, ते परत कुठं मिळायचं नाही. लग्नपत्रिकांना फक्त फाईलची नावं द्या, आडनाव, गाव, वर्ष. काम चालू करायच्या आधी सगळ्याची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा, आणि कन्व्हर्टरनं काही अडलं तर एक पान नमुन्याला पाठवा, फाँटचं नाव त्यात लिहायला विसरू नका.